दारावरचा माणूस

बुडत्या जहाजाला भ्यायचं नसतं, असं आमच्या धंद्यात नवे लोक म्हणतात. जुने म्हणत नाहीत. मी बत्तीस वर्षं पंप चालवतोय, आणि आजही अडचणीतल्या जहाजावर पाय ठेवला की माझ्या पोटात गोळा येतो. तो येतोय तोवर बरं आहे. एकदाच आला नव्हता, आणि मी सांगतोय ती त्याच दिवसाची गोष्ट आहे.

न येण्याचं कारण म्हणजे ते जहाज बुडत नव्हतंच. इंजिन बंद पडलं, वाऱ्याने रात्रभर ढकललं, आणि किनाऱ्यापासून दोनेक मैलांवर वाळूच्या दांड्यावर जाऊन ते बसलं होतं, सरळ, शहाण्या मुलासारखं. पोटात लाकडाचे ओंडके भरलेले. खलाशांना आदल्या दिवशीच उतरवलं होतं. दोन नंबरच्या कोठीला तळाशी चीर पडून तिथे पाणी शिरत होतं, तेवढंच. पाणी उपसायचं, जहाज हलकं करायचं आणि दुपारी तीनच्या भरतीला टगबोटीने ओढून काढायचं, एवढं आमचं काम. आमच्या धंद्यात मेहनतीचे पैसे मिळत नाहीत, जहाज निघाल्याचे मिळतात. तीनची भरती चुकली तर पुढची मोठी भरती पंधरा दिवसांनी, आणि वारा तर संध्याकाळपासूनच वाढणार होता. पंधरा दिवसांत त्या जहाजाचे दोन तुकडे झाले असते.

जहाजावर आम्ही सातजण होतो. आमचा प्रमुख, ज्याला आम्ही सगळे नुसतं ‘दादा’ म्हणतो, तिघांना घेऊन पार पुढे टगबोटीचा दोर बांधत होता. मागच्या बाजूला मी, वेल्डर आणि माझा जावई.

जावई आधी माझा शिकाऊ होता. मी त्याला पंप शिकवला, आणि त्या बदल्यात त्याने माझी मुलगी पळवली. पळवली म्हणजे रीतसर घरी येऊन मागितली, पण मला ते तसंच वाटलं. घरी बायकोच्या धाकाने मी त्याला ‘अहो जावईबापू’ म्हणतो. जहाजावर तो ‘अरे’ आणि ‘गाढवा’. तो मला दोन्हीकडे ‘मामा’ म्हणतो आणि दोन्हीकडे सारखाच कमी बोलतो. एका वाक्यात भागत असेल तर दुसरं वाक्य वापरायचा नाही. मला असली माणसं आवडतात, पण हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. जावयाला डोक्यावर बसवायची पद्धत मला मान्य नाही.

साडेअकराला पंपाचा आवाज बदलला. पंप पाण्यात, मी वर डेकवर, पण बत्तीस वर्षांनी कान सांगतात. घुरघुर जाऊन कोरडी किणकिण आली. पाइपातून पाणी येईना.

"जाळी तुंबली," मी म्हटलं. "ओंडक्यांची साल अडकली असणार."

"वर ओढू," जावई म्हणाला.

आम्ही ओढला. पंप हातभर वर आला आणि अडकला. कोठीच्या बाजूने एक उभी, अरुंद विहिरीसारखी जागा असते, तिच्यातून शिडी खाली जाते. मध्ये लोखंडी पट्ट्यांचा एक टप्पा, मग पुन्हा शिडी. पंप आम्ही त्याच जागेतून सोडला होता आणि आता त्याचा पाइप मधल्या टप्प्याच्या खाली कुठेतरी वेटोळा होऊन अडकला होता. कोणीतरी उतरून तो सोडवणं भाग होतं.

आता इथे थोडं नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. ओलं लाकूड बंद कोठीत पडून राहिलं की ते हवेतला प्राणवायू खातं. धूर नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि तिसऱ्याला खाली बसतो. आणि ही खराब हवा कोठीतच बसून राहत नाही, शेजारच्या शिडीच्या जागेतही येते. म्हणून अशा जागी उतरण्याआधी तासभर पंख्याने हवा मारायची, मग मीटरने मोजायची, मग कमरेला पट्टा आणि दोर बांधून एकच माणूस उतरवायचा. आणि वर दारावर एक माणूस ठेवायचा. दारावरच्या माणसाचं काम एकच. दार सोडायचं नाही आणि आत जायचं नाही. खाली सख्खा बाप पडला तरी नाही. कारण पहिला पडला की त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि शेवटी तीन मढी एकावर एक सापडतात. आम्ही लोकांना वाचवून पोट भरतो. धावून जाणं आमच्या हाडात आहे, आणि आमच्यातले बरेचसे असेच गेलेत.

हे मी तीस-पस्तीस पोरांना शिकवलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

पंखा इंजिनखोलीत अडकलेला होता. तो सोडवून आणायला तास, हवा मारायला तास. मग पाणी उपसायला वेळच उरला नसता, भरती हातातून गेली असती. मी म्हटलं, आधी मोजून तर बघू. हवा चांगली असली तर पंखा कशाला?

मीटर माझ्या खिशात होता. हातात मावेल एवढा. तो चालू केला की पहिलं अर्धं मिनिट भोवतालची हवा शुद्ध आहे असं धरून तो आपला आकडा जुळवून घेतो. म्हणून तो नेहमी उघड्यावर, वाऱ्यात उभं राहून चालू करायचा असतो. पण त्या दिवशी डेकवर लाटांचे तुषार उडत होते, आणि महिन्यापूर्वी एक मीटर माझ्या हातून खाऱ्या पाण्याने बाद झाला होता. त्यावरून दादाने मला चारचौघांत झापलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शिडीच्या तोंडावर डेकवरच एक छोटी लोखंडी खोली होती, कपाटाएवढी. मी तिच्यात शिरलो, दार ओढून घेतलं, आणि आत, कोरड्यात, मीटर चालू केला.

चूक ती. तेव्हा मला कळली नाही, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. त्या खोलीतली हवा आधीच खालून वर येऊन खराब झालेली होती. मारून टाकेल अशी नाही, पण खराब. आणि मीटरने तीच चांगली म्हणून धरली.

मग मी त्याची नळी खाली सोडली. मधल्या टप्प्यापर्यंत पोहोचली. प्राणवायूचा आकडा वीसच्या वर. एकवीस म्हणजे मोकळ्या समुद्रावरची हवा. मी जावयाला आत बोलावून दाखवला.

"छान," तो म्हणाला. मीटर त्याने छातीवर अडकवला, मी त्याच्या पट्ट्याला दोर बांधला. गाठ मारताना मला दम लागला. कपाळ ठणकत होतं. म्हटलं, वय झालं. दोरीची गाठ मारून धाप लागायला लागली की घरी बसावं.

तेवढ्यात जावई बोलायला लागला.

"मामा, सासूबाई इथे असत्या ना, तर झाडू घेऊन खाली उतरल्या असत्या. सगळी साल एका तासात साफ. वर पुन्हा ओंडक्यांनाच ओरडल्या असत्या, पाय पुसून का नाही आलात म्हणून!"

आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला हात टेकून. पाच वर्षांत मी त्याच्या तोंडून एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं, आणि असं हसणं तर नाहीच.

"कामाच्या वेळी दात काढतोस?" मी खेकसलो. "उतर खाली, गाढवा."

तो हसतच उतरला. ते हसणं त्याचं नव्हतं, त्या हवेचं होतं. दारू न पिता माणूस असा झिंगतो तेव्हा त्याला प्राणवायू कमी पडत असतो, हेही मी पोरांना शिकवलंय. पण मलाही तो कमीच पडत होता. आम्ही दोघंही त्या कपाटात झिंगलेले होतो, तो हसत आणि मी चिडत. मी चिडतो तेव्हा कोणाला वेगळं काही वाटत नाही, हीच तर गंमत.

शिडीवर त्याचे बूट वाजत होते. शिडीच्या कठड्याला एक वेढा देऊन मी दोर सोडत होतो. मधल्या टप्प्यावर थांबला, वर बघून हात केला. मग टप्प्याच्या भोकातून खालच्या शिडीवर गेला. एक पायरी, दोन, तीन. बॅटरीचा उजेड ओल्या भिंतीवर हलत होता. पाच. सहा.

मीटर ओरडायला लागला.

त्या मीटरचा आवाज बारीक असतो, पण लोखंडी विहिरीत तो असा घुमला की माझे दात शिवशिवले. "वर ये!" मी ओरडलो. बूट वाजले नाहीत. "मामा," एवढं ऐकू आलं, अगदी सहज, झोपेत कूस बदलताना हाक मारावी तसं. मग दोराला हिसका बसला, माझे हात पुढे ओढले गेले, आणि बॅटरी कुठेतरी आपटत खाली पाण्यात पडली.

माझा एक पाय शिडीवर होता. कधी ठेवला मला माहीत नाही. खालून मीटर ओरडतच होता आणि मी दुसरा पाय उचलला होता.

मला लोक नंतर धीराचा म्हणाले. धीर वगैरे काही नव्हतं. पाय उचलताना डोळ्यांसमोर अंधारी आली, आणि मला वाटलं, अरे, मी तर अजून उतरलोही नाही. मग मला वरच अंधारी का येते? तेवढा एक विचार. तो दोन क्षण उशिरा आला असता तर हे सांगायला मी नसतो. मी दोर हातात धरून पाठीमागे सरकत दार ढकललं आणि डेकवर पडलो. वारा तोंडावर आला. चार श्वास घेतले तसं डोकं उघडलं, आणि मीटर मी कुठे चालू केला होता ते आठवलं. पोटात गोळा यायचा तो तेव्हा आला, सकाळचा उधार.

वेल्डर धावत आला. खोलीत बघितलं, दोर बघितला, आणि सरळ आत शिरायला लागला. जावयाचा जिगरी दोस्त तो. मी त्याचा पाय धरला. तो तोंडावर पडला, उठला, पुन्हा निघाला. मी दारात आडवा झालो.

"सरका मामा!"

"नाही."

"अहो, तुमचा जावई आहे तो!"

"ते तू मला सांगू नकोस! मला माहीत आहे कोण आहे तो!"

त्याने मला मारलं. चांगलं खणखणीत, कानशिलावर. मीही त्याला मारलं असतं, पण माझ्या हातात दोर होता. मी ओरडलो, "दोन मरायचेत का तुला? हवेचा पाइप आण. तुझा! पाने चालवायचा! आण आणि खाली सोड!"

तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. बोल्ट आवळायचं यंत्र चालवायला त्याच्याकडे कॉम्प्रेसर होता, म्हणजे दाबाखालची हवा, हीच, मोकळ्या समुद्रावरची. तो धावला. मी दोर ओढायला लागलो. ऐंशी किलोचा माणूस आणि माझे बासष्ट वर्षांचे हात. तो दोन-तीन हात वर आला आणि अडकला. पट्ट्याची मागची कडी टप्प्याच्या कडेला अडकली असणार. ओढून येईना, आणि सोडलं तर परत खाली, त्या मेलेल्या हवेत जाणार. म्हणून मी दोर दाराच्या चौकटीला दोन वेढे देऊन ताणून धरला. वेल्डरने पाइपाच्या टोकाला पाना बांधून तो बाहेरूनच आत सोडला. फुस्स आवाज खाली खाली जात राहिला. तोंडापाशी जातोय की पायापाशी, दिसत नव्हतं.

वॉकीटॉकीवर दादाला सांगितलं. पाठीवर घ्यायच्या हवेच्या टाक्या त्याच्याकडे होत्या, पार पुढे. मधल्या डेकवर लाटा चढत होत्या. लाट चढली की थांबायचं, ओसरली की पळायचं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"येतोय," दादा म्हणाला. हे काय उत्तर झालं?

मी मोठ्याने आकडे मोजायला लागलो. का, ते माहीत नाही. गप्प बसलो असतो तर आत गेलो असतो, म्हणून असेल. साठ झाले. दोर हातात ताठ होता, मेलेल्या वजनासारखा. मी तो शब्द मनात आणायचा नाही म्हणत होतो आणि तोच येत होता. एकशेवीस. वेल्डर गुडघ्यांवर बसून आत ओरडत होता, जावयाच्या नावाने, शिव्या देत, विनवण्या करत. एकशेऐंशी. मीटर ओरडायचा थांबला. पाण्यात पडला असेल, बंद पडला असेल, काहीही असेल, पण तो आवाज गेला आणि मला वाटलं की पोरगाही गेला. माझी पकड अशी सैल झाली की दोर वेढ्यातून वीतभर सरकला. वेल्डरने झडप घालून धरला. मग आम्ही दोघांनी धरून ठेवला आणि तोही माझ्याबरोबर मोजायला लागला.

मी आयुष्यात इतका भ्यायलो नव्हतो. समुद्र, आग, तुटलेले दोर, सगळं बघितलंय. त्यात आपण काही ना काही करत असतो. इथे काही न करणं हेच काम होतं. आणि एकेक आकड्याला मला मुलगी दिसत होती. लग्नातली नाही, हसणारी नाही. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असलेली, अजून काही माहीत नसलेली.

तीनशेचाळीसला दादा आणि अजून एकजण टाक्या लावून आत गेले. चारशेदहाला त्यांनी त्याला दारातून बाहेर सरकवला.

ओठ जांभळे, चेहरा राखेसारखा. डोळे अर्धे उघडे आणि त्यांत कोणी नाही. मी त्याच्या तोंडाला तोंड लावलं. त्याच्या मिशीला ओल्या लाकडाचा वास येत होता. दादा छाती दाबत होता, मी फुंकत होतो. एका फुंकरीनंतर त्याने माझ्या तोंडावर ओकारी काढली. तेवढं सुंदर मला आजवर कोणी काही दिलेलं नाही.

हेलिकॉप्टरने त्याला नेलं. बाकीच्यांनी टाक्या लावून पंप सोडवला आणि तीन वाजता भरतीला जहाज निघालं म्हणे. मला कोणीतरी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले, शेवटपर्यंत थोडी थोडी हवा मिळत राहिली म्हणून वाचला. दादाने हॉस्पिटलच्या लांब वऱ्हांड्यात माझ्या मुलीला सगळं रंगवून सांगितलं. तुझे बाबा दारात पहाडासारखे उभे राहिले, पाइप त्यांनीच सोडायला लावला, दुसरा कोणी असता तर आज तीन अंत्ययात्रा निघाल्या असत्या. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "बाबा, तुम्ही होतात म्हणून," एवढंच म्हणत राहिली.

मी तिला लगेच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. दादा गेला, चहा आला, चहा थंड झाला, तरी मी बसून राहिलो. जगाला शिव्या घालणारा माणूस मी, आणि स्वतःबद्दल एक वाक्य निघेना. मग ती म्हणाली, "त्याला वाटतंय की त्यानेच मोजताना काहीतरी घोळ घातला. सकाळपासून तेच बोलतोय. मला सॉरी म्हणाला."

तेव्हा बोललो. मीटर, खोली, ओढून घेतलेलं दार. सगळं.

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्यात ती माझ्यावर गेलीय. पण तिने थंड झालेल्या चहाचा कप उचलून बाकाखाली ठेवला.

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग आत जा आणि सांगा. मी येत नाही."

तो उशीला टेकून पडला होता. नाकात नळी, हाताला सलाईन. मला बघून उठायला लागला, मी पडून राहायला सांगितलं आणि उभ्यानेच बोललो. बसायची हिंमत नव्हती. त्याने सगळं ऐकलं. बाहेर कोणीतरी चाकांचा पलंग ढकलत नेला, तो आवाज दूर जाईपर्यंत तो छताकडे बघत राहिला.

"मी हसलो होतो ना?" तो म्हणाला. "तेवढंच आठवतंय."

"हसला होतास. मी शिवी दिली."

"आणि मी पडल्यावर तुम्ही दारातच होतात."

"दारातच. सहा-सात मिनिटं."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आता हा कधी माझ्याबरोबर काम करणार नाही, घरी येणार नाही, आणि ते बरोबरच असेल. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "पुढच्या वेळी खाली तुम्ही उतरा. दारावर मी थांबतो."

मला ती शिक्षा वाटली, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. "उतरेन," मी म्हटलं. "पण तू दारावरच थांबायचं. मी पडलो तरी आत यायचं नाही. कबूल?"

त्याने हातावरची सलाईनची नळी सरळ केली.

"अरे, कबूल का?"

त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. खोटं त्याला कधीच बोलता आलेलं नाही.

"ते नाही सांगता येत, मामा," तो म्हणाला.

मी त्याला मूर्ख म्हणालो, गाढव म्हणालो, काय काय म्हणालो. नर्स आत आली आणि मला बाहेर जायला सांगू लागली. मी गेलो नाही. त्याच्या पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून मी उभा राहिलो, आणि त्या दारातही भ्यायलो नव्हतो एवढा मी भ्यायलो होतो.